लाभाची पाळी

१

तळं राखील तो पाणी चाखील, ही म्हण ज्याने काढली त्याचं रान नक्की चारीच्या तोंडाशी असणार. टेलला, म्हणजे चारीच्या शेवटाला, असतं तर त्याने म्हण काढली नसती, शिवी काढली असती. बबिताचं हे ठाम मत होतं, आणि ते तिला वारशाने मिळालं होतं, बापाच्या अडीच एकर रानासकट.

सोनपेठच्या अलीकडे कालव्यातून फुटलेल्या एका चारीवर तिचं गाव. चारीच्या तोंडाशी तात्यारावांचं रान, आणि चारी जिथे दम तोडते तिथे बौद्धवस्तीतल्या चार-पाच घरांचं. त्यातही अगदी शेवटचं तिच्या बापाचं, लिंबाजीचं. कालव्याला पाणी सुटलं की पाळी लागायची, म्हणजे कोणी आधी भिजवायचं आणि कोणी नंतर याचा क्रम ठरायचा. त्यासाठी देवळापुढे चिठ्ठ्या टाकायचे. चिठ्ठ्या सगळ्यांदेखत निघायच्या आणि तरी लिंबाजीची पाळी कायम शेवटी यायची. तिच्या आजोबाने एकदा हे कसं काय म्हणून विचारलं, तर देवापुढची चिठ्ठी आहे, देवालाच विचार, असं उत्तर मिळालं. आजोबा छप्पन्न सालीच त्या देवांना रामराम ठोकून मोकळा झालेला. त्याने कोणाला विचारावं? शेवटच्या पाळीचं पाणी टेलला पोचेपर्यंत वर कालवा बंद झालेला असायचा.

बबिता शिकली, पुण्याला नोकरीला लागली आणि आता तीच नोकरी गावातून, घरातल्या टेबलावर बसून करत होती. तिचं काम स्मार्ट कॉन्ट्रॅक्ट तपासायचं. म्हणजे ब्लॉकचेनवर लिहून ठेवलेला करार, जो आपला आपण चालतो आणि एकदा लिहिला की कोणाच्या बापाला खोडता येत नाही. अशा करारात कुठे सोडत असली तर आकडा येतो कुठून, आणि येता येता त्याला कोणी हात लावतंय का, हे ती बघायची. यंत्राला फासा टाकता येत नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. जगभरच्या हजारो यंत्रांना एकच उत्तर यायला हवं, मग त्यात नशीब आणायचं कुठून? घड्याळावरून आकडा काढा नाहीतर आणखी कशावरून, कुंपणाने शेत खाल्लेलं तिने जागोजाग पाहिलं होतं. खात्रीची वाट एकच. आकडा माणसांकडून घ्यायचा, पण सगळ्यांकडून आणि झाकून.

तसाच करार तिने गावच्या पाणीवापर संस्थेसाठी लिहिला, फुकट. तीस घरांनी आपापल्या फोनवर मनातला एक आकडा टाकून तो मोहोरबंद करायचा. सोडतीच्या दिवशी सगळ्यांनी आपला आकडा उघडायचा. सगळ्यांची बेरीज करून घरांच्या संख्येने भागायचं. जी बाकी उरेल त्या क्रमांकाच्या घराची पाळी पहिली, आणि मग तिथून चारीच्या क्रमाने फिरत पुढे. जो उघडणार नाही त्याची पाळी बाद. तिसातल्या एकाने जरी आपला आकडा पोटात ठेवला, तरी बाकीचे एकोणतीस मिळून काही करू शकत नाहीत, हे तिने सभेत दोनदा समजावून सांगितलं. असल्या आकड्याला कोणी मालक नसतो, तो बेवारस आकडा, असंही ती म्हणाली. लोकांना तो शब्द फार आवडला. संस्थेचे अध्यक्ष तात्याराव, त्यांनीही मान डोलावली. तालुक्यात आपलं नाव होईल हे त्यांनी बरोबर ताडलं होतं.

२

घरांची नावं चढवायच्या दिवशी बबिताला कंपनीचं काम निघालं, आणि तिने ते संस्थेचा सचिव बालाजी याच्यावर सोपवलं. तिथे घोळ झाला.

नावं सांगायला बसले बन्सीधर मामा. चारीवर वरून खाली कोणाचं रान कुठे, हे त्यांना तोंडपाठ. पण मामांचा जन्म गेला खळ्यावर धान्य मोजण्यात, आणि खळ्यावर मोजणारा पहिल्या मापाला कधी 'एक' म्हणत नाही. पहिलं माप पडलं की 'लाभ' म्हणायचं, मग दोन, मग तीन. मामांनी त्याच सुरात सुरुवात केली. लाभ, तात्याराव. दोन, अमका. तीन, तमका. बालाजीने सगळ्यांत वर टाइप केलं, लाभ. त्याखाली तात्याराव. पूर्वी गावात लाभचंद नावाचा एक दुकानदार होता, त्यामुळे त्याला काही खटकलंही नाही. लाभाचा फोन नंबर मामांनी सांगितला नाही, म्हणून ती जागा रिकामी सुटली आणि यंत्राने तिथे आपली शून्यं भरून टाकली.

करार चेनवर चढल्यावर बबिताच्या ते लक्षात आलं आणि ती पोट धरून हसली. फोन नंबरावरून चेनवर खात्याचा जो पत्ता बनतो, तो लाभाचा सगळा शून्यांचा होता. त्या पत्त्याची किल्ली जगात कोणाकडेच नसते. नको ते लोक त्यावर पाठवून देतात, पडक्या आडात दगड टाकावा तसं. तिथून परत काही येत नाही. म्हणजे लाभ कधी आकडा टाकणार नाही, कधी उघडणार नाही, आणि प्रत्येक वेळी आपोआप बाद होईल. नाव राहिलं तर राहिलं. नवा करार करायचा तर तीस घरांना पुन्हा बोलवावं लागलं असतं, आणि तिला त्याचा कंटाळा आला.

३

पहिली सोडत डिसेंबरात झाली, सोसायटीच्या जुन्या गोदामात. पुढच्या अर्ध्या भागात संस्थेचं ऑफिस होतं, टेबल, खुर्च्या आणि भिंतीवर पांढरा पडदा. मागचा अर्धा भाग रिकामा आणि अंधारा. तिथे धान्य ठेवणं बंद होऊन वर्षं लोटली होती, तरी जोंधळ्याचा वास भिंतींतून जायला तयार नव्हता.

लोक फोनवर बोट दाबत होते आणि पडद्यावर नावापुढचं कुलूप जाऊन तिथे आकडा उमटत होता. म्हाताऱ्या केशरबाईंचा उघडायला वेळ लागला, चष्मा घरी राहिला होता. शेवटी तीसच्या तीस आकडे उघडे झाले. बबिताने बेरीज करायला सांगितलं, तर यंत्र म्हणालं, एक उघडायचा बाकी आहे.

तिने नावं वरपासून पाहिली. सगळ्यांत वर लाभ होता, आणि त्याच्यापुढे कुलूप होतं. म्हणजे त्याने आकडा टाकून ठेवला होता.

ती काही बोलणार तेवढ्यात गोदामाच्या मागच्या भागातून आवाज आला. मापातून धान्य ओतल्यासारखा, सर्र. सगळ्यांच्या माना वळल्या. बालाजी म्हणाला, उंदरं लय झालीत. माना परत पडद्याकडे वळल्या, तेव्हा लाभापुढचं कुलूप गेलं होतं आणि आकडा उभा होता. बेरीज झाली, भागाकार झाला आणि बाकी उरली शून्य. यंत्राची मोजणी शून्यापासून सुरू होते. शून्य क्रमांकाचं घर म्हणजे लाभ.

आधी लोक हसले. मग बन्सीधर मामांनी डोक्यावरची टोपी काढून पडद्याला हात जोडले, आणि मागच्या दोघा-तिघांनी त्यांचं पाहून जोडले. तात्याराव घसा खाकरून म्हणाले की लाभ म्हणजे खळ्याचा मान, आणि गावाचं खळं वाडवडलांपासून त्यांच्या रानात, तेव्हा हे पाणी त्यांच्याकडे यावं हेच रीतीला धरून आहे. कोणी हूं की चूं केलं नाही. लाभ पहिला, म्हणून तात्याराव दुसरे, आणि तिथून खाली उतरत उतरत शेवटी लिंबाजी. बबिता उभी राहून बघत राहिली. इतकं शिकून, इतकं लिहून, बापाची पाळी होती तिथेच होती.

तिच्या अंगाची लाही लाही झाली. घरी येऊन तिने करार ओळ न् ओळ वाचला, पुण्याच्या मैत्रिणीला वाचायला लावला. चूक कुठेच नव्हती. आकडा शून्याच्याच पत्त्यावरून आला होता. मैत्रीण म्हणाली, हे होऊच शकत नाही, तू नीट बघ. बबिताला ते तिच्याआधी माहीत होतं. आडात टाकलेला दगड आपल्या पायांनी वर येत नाही. म्हणजे कोणीतरी वर आणून ठेवला. लोकांचे फोन धरून आकडे टाकून दिले होते बालाजीने, आणि बालाजी कोणाच्या ताटाखालचं मांजर आहे ते अख्ख्या गावाला माहीत. शून्याच्या पत्त्यावरून आकडा पाठवायची हिकमत बालाजीला कुठून आली, हा प्रश्न उरत होता. पण राग इतका होता की तिने तो प्रश्न बाजूला सारला.

दुसऱ्या दिवशी तिने संस्थेत जाऊन नवा करार करायची मागणी केली. तात्यारावांनी तिचंच वाक्य तिला ऐकवलं, की एकदा लिहिलेलं कोणाच्या बापाला खोडता येत नाही. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे.

४

जानेवारीत गावात एक कुजबुज सुरू झाली. लाभाच्या पाळीचं पाणी तात्यारावांनी हरभऱ्यात सोडलं होतं, आणि तेवढा हरभरा भिजलाच नाही म्हणे. त्यांचा सालगडी सांगत होता की पाणी वाफ्यात जाताना दिसायचं, आवाज यायचा, आणि माती पांढरी ती पांढरीच. बबिता म्हणाली, भिजेल कशी, पाणी शेततळ्यात नेलं असेल. ती हे चारचौघांत मोठ्याने म्हणाली आणि तात्यारावांच्या कानावर जावं अशीच तिची इच्छा होती.

दुसऱ्या सोडतीआधी ती घरोघर फिरली. कोणालाही फोन देऊ नका, बायकोला आकडा सांगू नका, लेकाला सांगू नका. सोडतीच्या दिवशी तिने बालाजीला गोदामाबाहेर बसवलं आणि तात्यारावांचा फोन सगळ्यांसमोर टेबलावर ठेवायला लावला. त्यांनी मुकाट ठेवला. तीस आकडे उघडले. लाभाचं कुलूप तसंच राहिलं. या वेळी सगळे मागच्या अंधाराकडे कान लावून होते. सर्र झालं. कुलूप गेलं, बाकी शून्य.

मोहोरबंद आकडा मागून बदलता येत नाही. म्हणजे ज्याने तो टाकला त्याला बाकीचे तीस आकडे आधीच माहीत असले पाहिजेत. बबिताने तीस तोंडं एकेक करून पाहिली. सगळी एकसारखी घाबरलेली होती, तात्यारावांचं सर्वांत जास्त.

ते म्हणाले, मला नको ते पाणी, गायरानात सोडा. टेलचा गहू तहानेने पिवळा पडलेला, आणि हे लोक कालव्याचं पाणी माळावर ओतायला निघाले होते, वर हात जोडून. बबिता भांडली. श्रद्धेच्या नावाखाली आमच्या तोंडचं पाणी पळवता, असं तोंडावर म्हणाली. केशरबाई तिला हळूच म्हणाल्या, बाई, जाऊ दे, ते घेणाराला घेऊ दे.

मग ती स्वतःच गायरानात गेली, भर दिवसा. चारीतून फोडलेलं पाणी माळावर शिरत होतं, चांगलं घोटाभर, खळखळ आवाज करत. दहा पावलांवर जमिनीला भेगा होत्या. तिने पाण्यात हात घातला, हात ओला झाला. तोच हात तिने मातीला लावला. माती ओली झाली नाही आणि हातही कोरडा झाला. खाली भेग असणार, तिने स्वतःला सांगितलं, काळ्या मातीला पुरुषभर भेगा पडतात. घरी येईपर्यंत ती तेच सांगत होती.

लिंबाजीच्या पाळीच्या दिवशी कालवा बंद झाला.

५

तिसरी पाळी ही हंगामातली शेवटची. गहू निसवला होता. आता पाणी मिळालं तर दाणा भरणार, नाहीतर काडी हातात येणार. लिंबाजी सकाळी रानात जायचा, मोतीबिंदू झालेल्या डोळ्यांजवळ एखादी ओंबी धरून बघायचा आणि परत यायचा. तेवढं बघून बबिताच्या मस्तकाची शीर उठायची.

सोडतीच्या आदल्या दिवशी तात्याराव वस्तीत आले. त्यांच्या घरातलं माणूस लिंबाजीच्या दारात यायची ही पहिलीच वेळ. बाजेवर टेकले. बबिताने तांब्याभर पाणी पुढे केलं, तर त्यांनी हात मागे घेतला आणि नको म्हणाले. तिला वाटलं, दोन हजार पंचविसाचं साल उलटलं तरी आमच्या घरचं पाणी यांना चालत नाही. ती तसं स्पष्ट बोललीही.

"तसं न्हाई, पोरी," तात्याराव म्हणाले. त्यांचे ओठ फुटलेले होते. "मला पाणीच नको वाटायलंय."

मग ते जे सांगायला आले होते ते त्यांनी सांगितलं. बबिता या वेळी शेवटी आकडा उघडणार, असं गावात झालं होतं, आणि ते खरंच होतं. तिने तसं ठरवलं होतं. शेवटी उघडणाऱ्याला बाकीचे सगळे आकडे दिसतात, आणि आपला उघडायचा की दाबून ठेवायचा हे त्याच्या हातात राहतं. इतके दिवस तो शेवटी उघडत होता, या वेळी ती थांबणार होती.

"तसं करू नको. त्याला शेवटाला उघडू दे. त्यो पयला हाय, त्याला पयलाच ऱ्हाऊ दे."

"तो म्हणजे कोण, काका?"

तात्यारावांनी लिंबाजीकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं नाही. उठले आणि निघून गेले. बबिता लिंबाजीला म्हणाली, बघा, दोन पिढ्यांत पहिल्यांदा उंबऱ्याला पाय लावला, तोही आपण शेवटीच राहावं हे सांगायला. लिंबाजीने तांब्यातलं पाणी तुळशीवृंदावन नसलेल्या आपल्या अंगणात, लिंबाच्या बुंध्याशी ओतलं. म्हणाला, माणूस भ्यालाय.

६

तिने आपला आकडा सोडतीच्या सकाळपर्यंत टाकला नाही. कुठे लिहिला नाही, ठरवलाही नाही. बाकीच्या सगळ्यांचे आकडे टाकून झाले, मुदत संपायला थोडाच वेळ उरला, तेव्हा तिने डोळे मिटले आणि मनात जो पहिला आला तो टाकून मोहोर लावली. ना तारीख, ना वय, ना कशाचा नंबर. असला आकडा तिच्या स्वतःच्याही ओळखीचा नव्हता. आता बघू कोणाला कळतो, ती म्हणाली.

गोदामात एकोणतीस आकडे उघडले. लाभ आणि लिंबाजी ही दोन कुलपं उरली. लिंबाजीच्या घराची किल्ली तिच्या फोनात होती. ती खुर्चीत मागे टेकून बसली. उघडायची मुदत दुपारी चारपर्यंत. तोवर उघडलं नाही तर घर बाद.

तास गेला. लोकांची चुळबुळ सुरू झाली. बन्सीधर मामांनी दोनदा तिच्याकडे पाहून हात जोडले, तेव्हा ती त्यांच्यावर खेकसली. दुसऱ्या तासाला एकेक जण उठून बाहेर लिंबाच्या सावलीत गेला. बालाजीने तिला पाण्याची बाटली आणून दिली आणि तोही गेला. गोदामात ती एकटी राहिली. इन्व्हर्टरची घरघर तेवढी होती, आणि मागच्या अंधारातून जोंधळ्याचा वास येत होता, आज जरा ताजा.

"उघड," ती मोठ्याने म्हणाली.

आवाज तिला स्वतःलाच विचित्र वाटला. पण एकदा तोंड फुटलं ते फुटलं. चिठ्ठ्या खाल्ल्या, पाळ्या खाल्ल्या, आता शून्याच्या आड लपून खाता, लाज कशी वाटत नाही? माझ्या बापाने काय घोडं मारलंय? ती पडद्याशी भांडत होती की मागच्या अंधाराशी, हे तिलाही सांगता आलं नसतं. उठून ती मागे गेली, फोनचा उजेड पाडला. झाडून काढलेली फरशी, कोपऱ्यात एक मोडकी खुर्ची. उंदराची लेंडीसुद्धा नव्हती.

ती वळली तेव्हा पाठीमागे, अगदी जवळ, सर्र झालं.

पडद्यावर लाभाचं कुलूप गेलं होतं. पहिल्यांदाच तो शेवटचा राहिला नव्हता. तिला हसू फुटलं, डोळ्यांत पाणी आलं. जिंकले, तिला वाटलं. तिने कागदावर बेरीज मांडली, आपला आकडा मिळवला, भागलं. बाकी तीस आली. तीस म्हणजे लिंबाजी.

तिने पुन्हा भागलं. तीसच आली. आपला आकडा उघडायचा अवकाश, पहिली पाळी त्यांची होती.

मग तिची नजर मोहोरेच्या वेळांवर गेली. लाभाने आपला आकडा आदल्या रात्री मोहोरबंद केलेला. तिचा आकडा आज सकाळचा. तो तिने ठरवला नव्हता, तिच्या डोक्यात यायच्या आधीच कोणीतरी तो धरून हिशेब जुळवला होता. इतके दिवस आकड्यांवर कोणाचा डोळा आहे हे ती शोधत होती. डोळे मिटल्यावर तो आकडा तिच्या मनात आणून ठेवला कोणी, हा प्रश्न आता तिच्यासमोर होता.

संताप तिच्या कानांपर्यंत चढला. आयुष्यात एक गोष्ट आपली स्वतःची म्हणून टाकली, तीही आपली नव्हती. उघडू नये, घर बाद होऊ द्यावं, असं तिला अगदी आतून वाटलं. चार वाजायला आले होते. दारातून लिंबाजी डोकावला. उन्हातून रानावरून आला होता, आणि त्याच्या मुठीत एक वाळलेली ओंबी होती.

बबिताने आकडा उघडला.

७

वस्तीत रात्री गुलाल उधळायचाच बाकी राहिला. पहाटे चारीचं दार उघडलं आणि दिवस कासराभर वर येईतो पाणी टेलला पोचलं. लिंबाजीची पाळी दुपारी बारापर्यंत. संस्थेचं एक खोरं असायचं. ज्याची पाळी त्याच्या हातात ते खोरं, आणि पाळी संपली की पुढच्याला ते द्यायचं, घ्या, पाणी तुमचं, असं म्हणून. पाणी एकटं सोडून जायचं नाही, अशी रीत होती. लिंबाजीच्या हातात ते खोरं उभ्या जन्मात वेळेवर आलं नव्हतं. आज तो गुडघाभर चिखलात उभा राहून वाफ्यामागून वाफा भिजवत होता, आणि माती काळीभोर होऊन पाणी पीत होती. बबिताने स्वतः हात लावून बघितलं. माती ओली होती, हात ओलाच राहिला. ती निर्धास्त होऊन भाकरी आणायला घरी गेली.

बालाजीचा फोन आला तेव्हा अकरा वाजून गेले होते. तो आधी इकडचं तिकडचं बोलला. मग म्हणाला, "ताई, तुमच्यानंतर पाणी कोण घेणार हाय? तात्याराव म्हनायलेत, त्यांचा माणूस येणार न्हाई."

घेणार कोण म्हणजे, ती म्हणायला गेली आणि थांबली. शेवटच्या घरानंतर क्रम फिरून वर जातो. तीसनंतर शून्य. आजवर लाभ दोनदा पहिला होता, आणि पहिल्याला पाणी कालव्याच्या दारातून मिळतं. कोणाच्या हातून घ्यावं लागत नाही. देणारं माणूस त्याला आजवर कधी मिळालं नव्हतं.

ती अनवाणी पळाली.

लिंबाजी बांधावर उभा होता, खोरं टेकवून, चेहरा उन्हात धुतल्यासारखा. सगळं रान भिजलं होतं. तिला पाहून तो म्हणाला, "तात्यारावाचा माणूस आलाय की. मगापासनं हुबा हाय, बोलत न्हाई."

"कुठं, बाबा?"

त्याने हनुवटीने चारीकडे दाखवलं. तिथे कोणी नव्हतं. चारीचा बांध सकाळपासून पाझरून काळा झाला होता, आणि त्या ओल्या चिखलात पावलांचे ठसे उमटलेले होते. ते कोरडे होते. पांढरे, भेगाळलेले, एकामागे एक, वरच्या अंगाने आलेले. शेवटचे दोन लिंबाजीपासून हातभर अंतरावर होते, शेजारी शेजारी.

"किती वाजले?" लिंबाजीने विचारलं.

बाराला पाच मिनिटं कमी होती. "अजून लय वेळ हाय," बबिता म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदा ती बापाशी पाळीबद्दल खोटं बोलली.

लिंबाजीने पायाशी गोळा झालेली आपली सावली बघितली. "लबाड बोलायलीस."

"खोरं टाका खाली. चला घरी. पाणी जाऊ द्या कुठं जायचं तिकडं."

"टाकून कसं जावं?"

"बाबा, ऐका. पाळी मोडा."

तिने त्याला इतकं रागावलेलं कधी पाहिलं नव्हतं.

"जल्मभर वरच्यांनी आपली पाळी मोडली. तवा म्या त्यांला शिव्या घातल्या, तुझ्या आज्यानं घातल्या. आज पयल्यांदा पाणी वक्तावर आलं, तर आज मीच मोडू व्हय? आन् तू सांगायलीस? कायदा कुणाचा हाय हा?"

तिने त्याचा दंड धरला आणि मागे ओढलं. म्हातारा असून तो जागचा हलला नाही. तिने चारीकडे तोंड करून, जे कोणी होतं त्याला, आधी नाव सांग म्हणून ओरडून विचारलं. गहू वाऱ्याशिवाय उभा होता. तिने परत खाली बघितलं तेव्हा कोरडे ठसे हातभर अंतरावर नव्हते, त्याच्याही अलीकडे होते.

लिंबाजीने तिचा हात हळूच सोडवला. डोक्यावरचा रुमाल नीट केला, दोन्ही हातांनी खोरं उचलून पुढे धरलं.

"घ्या," तो म्हणाला. "पाणी तुमचं."

आणि त्याने दांडा सोडला. खोरं खाली पडलं नाही.